हाताने कातलेल्या आणि घरी रंगवलेल्या सुताचे विणकाम पूर्ण करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत घरी सूत कातणारी, ते पळसाच्या फुलांत किंवा डाळिंबाच्या सालीत रंगवणारी आणि मग सुयांवर विणणारी मंडळी आहेत. त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. कातणे, रंगवणे आणि विणणे यांवर बोलायला सगळेच उत्सुक असतात. शेवटचा टाका बंद झाल्यानंतरच्या कामाबद्दल मात्र फारसे कोणी सांगत नाही आणि चांगले वस्त्र बहुधा तिथेच बिघडते. म्हणून ही प्रश्नोत्तरे त्या अखेरच्या टप्प्यापुरतीच ठेवली आहेत.

शेवटचा टाका बंद केला की काम संपले, असे का म्हणू नये?

हाताने कातलेले सूत चातीवर, नंतर गुंडीत (लडीत) आणि त्यानंतर सुयांवर सतत ताणाखाली राहिलेले असते. पहिल्यांदा पाण्यात पडते तेव्हा ते मोकळे होते; लोकर फुगते आणि टाक्यांमधल्या फटी भरून काढते, कापूस बहुधा लांबीत आटतो. त्यामुळे सुयांवरून उतरलेल्या वस्त्राचे माप हा केवळ अंदाज असतो आणि खरे माप पहिल्या धुलाईनंतर, वस्त्र पूर्ण वाळल्यावरच कळते.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे. मुख्य काम सुरू करण्यापूर्वी त्याच सुताचा, त्याच सुयांवर, साधारण १५ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा नमुना विणावा, तो पूर्ण वस्त्र जसे धुणार तसाच धुवावा, वाळवावा आणि मगच मधल्या १० सेंटीमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजावे. मोजून झाल्यावर हा तुकडा उसवू नये. रंग सुटतो का, इस्त्री सोसते का, ऊन सोसते का, या पुढच्या सगळ्या प्रश्नांची पहिली परीक्षा या तुकड्यावरच घ्यायची असते. सूत वाया जाईल या भीतीने नमुना टाळणे मला मुळीच पटत नाही, कारण महिनाभर कातलेले सूत पणाला लावण्यापेक्षा त्यातले थोडे परीक्षेसाठी खर्च करणे केव्हाही शहाणपणाचे.

खादीच्या गुंडीचे सूत विणकामाला वापरले तर अखेरच्या कामात काय फरक पडतो?

सुताचे नाव खानदेशात नवे नाही. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, ते खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन होते आणि खादी व ग्रामोद्योगांना तिथे मानाचे स्थान होते. मात्र खादीचे सूत मागासाठी कातलेले असते, दोन सुयांच्या विणकामासाठी नव्हे. त्यात पीळ जास्त असतो आणि ते फार बारीक असते. खादीची गुंडी १००० मीटरची धरतात आणि ३३ अंकाच्या सुताच्या ३३ गुंड्या मिळून एक किलो होतो. अशा सुताचे ८ पदर एकत्र पिळले, तर १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटर, म्हणजे मोजे किंवा पातळ शाल विणण्याजोगा दोरा तयार होतो.

अखेरच्या टप्प्यावर याचे दोन परिणाम दिसतात. एक म्हणजे आठपदरी दोऱ्याची टोके लपवताना जाड वळ उठतो. तेव्हा टोकाचे चार-चार पदरांचे दोन भाग करून ते दोन वेगवेगळ्या दिशांना ओवावेत. दुसरे म्हणजे मूळ सुतातला पीळ आणि पदर एकत्र करताना दिलेला पीळ यांचा मेळ बसला नसेल, तर धुतल्यावर कापड तिरके होते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

टाके बंद करताना काठ आवळला जातो. काय करावे?

टाके बंद करण्यासाठी विणायच्या सुईपेक्षा एक किंवा दोन नंबरांनी जाड सुई घ्यावी. काठाच्या रुंदीच्या साधारण चौपट लांबीचा दोरा शिल्लक आहे याची आधी खात्री करावी, कारण अर्ध्या काठावर सूत संपले तर तिथे जोड द्यावा लागतो आणि तो दिसतो. लोकरीचा काठ थोडा आवळला तरी ओला करून ताणता येतो. कापसाला मात्र लवचिकपणा जवळजवळ नसतो, म्हणून सुती काठ पहिल्याच वेळी सैल हाताने बंद करावा. घट्ट झाला असेल तर उसवून पुन्हा करणे हाच मार्ग आहे.

दोऱ्यांची टोके कशी लपवावीत? गाठ मारली तर चालेल का?

गाठ मारू नये. हातकताईच्या सुतात मुळातच जाड-बारीक जागा असतात, त्यात गाठीची भर पडली की अंगाला टोचते, आणि सुती गाठ काही धुलायांनंतर हळूहळू सुटूही लागते.

लोकर असेल तर नवे सूत जोडतानाच गाठ टाळता येते. दोन्ही टोके पाच-सहा सेंटीमीटर उकलून, प्रत्येकातले अर्धे पदर तोडून, ओली करून एकमेकांवर ठेवावीत आणि तळहातांमध्ये जोरात चोळावीत. उष्णता, ओल आणि घर्षण यांमुळे तंतू एकमेकांत गुंततात आणि जोड सापडत नाही. कापसाचे तंतू असे गुंतत नाहीत, म्हणून सुती कामात निदान १५ सेंटीमीटरची टोके सोडावी लागतात.

ती ओवण्यासाठी मोठ्या नाक्याची बोथट सुई घ्यावी. गोधडीची टोकदार सुई सूत फाडते. उलट्या बाजूने, टाक्यांच्या आडव्या फाशांतून, आधी तिरके वर आणि मग दिशा बदलून खाली असे ओवत न्यावे. एकाच सरळ रेषेत ओवलेले टोक कापड ताणले की निसटते. दोन रंगांच्या कामात प्रत्येक टोक आपापल्या रंगाच्या पट्ट्यातच लपवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टोके लगेच कापू नयेत. पहिली धुलाई होऊ द्यावी, कापड आटून किंवा फुगून आपल्या जागी बसू द्यावे आणि त्यानंतर बोटभर टोक ठेवून कापावे. धुण्यापूर्वी कापलेली टोके कापड पसरल्यावर हमखास वर डोकावतात.

बाह्या आणि खांदे जोडताना तेच सूत वापरावे का?

सूत मजबूत आणि एकसारखे असेल तर जरूर वापरावे. एकपदरी, कमी पिळाचे सूत असेल तर मात्र शिवताना ते वारंवार टाक्यांतून ओढले जाते, त्याचा पीळ उकलतो आणि ते तुटते. अशा वेळी त्याच रंगाचा गिरणीचा दुपदरी दोरा वापरण्यात कमीपणा मानू नये. जोड आत जातो, दिसत नाही, आणि वस्त्राचा सगळा भार खांद्याच्या जोडावर असतो. मात्र लोकरीचे वस्त्र सुती दोऱ्याने जोडायचे असेल तर तो दोरा आधी धुऊन घ्यावा, नाहीतर पहिल्या धुलाईत तो आटतो आणि जोडावर चुण्या पडतात.

भाग जोडण्यापूर्वी प्रत्येक भाग वेगळा ओला करून, मापात ताणून वाळवावा. वळलेल्या कडा सपाट झाल्या की ओळीला ओळ लावून शिवणे पुष्कळ सोपे जाते.

पहिली धुलाई कशी करावी?

लोकर आणि कापूस यांचे स्वभाव इथे अगदी उलटे आहेत. ओला कापूस कोरड्यापेक्षा मजबूत असतो, तर ओली लोकर कमकुवत होते. म्हणून लोकरीचे ओले वस्त्र खांद्याला धरून बादलीतून कधीही उचलू नये. दोन्ही हातांचा आधार खालून द्यावा.

लोकरीसाठी कोमट, साधारण ३० अंशांचे पाणी पुरे. रात्री भिजवलेल्या रिठ्याचे गाळलेले पाणी उत्तम. ते नसेल तर लोकरीचा सौम्य द्रव साबण घ्यावा. कपडे धुण्याची नेहमीची पावडर बहुधा क्षारयुक्त असते, ती लोकरीला आणि वनस्पतींच्या रंगांना दोन्हींना बाधते. वस्त्र वीस-पंचवीस मिनिटे नुसते भिजू द्यावे. चोळू नये, आपटू नये, पिळू नये. खळबळताना पाण्याचे तापमान एकसारखे ठेवावे, कारण ऊन पाण्यातून एकदम गार पाण्यात गेलेली लोकर जराशा हालचालीनेही आवळून जाड, नमद्यासारखी होते. आपल्याकडे ही चूक नकळत होते: चैत्र-वैशाखात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला अक्षरशः कढत पाणी येते आणि पिंपातले पाणी गार असते. त्या दिवसांत लोकर पहाटे किंवा सकाळी लवकर धुवावी, तेव्हा दोन्हींचे तापमान जवळपास सारखे असते.

सुती वस्त्र या बाबतीत सहनशील आहे. मात्र सूत विणण्यापूर्वी धुण्याच्या सोड्यात तास-दीड तास उकळले होते का, हे आधी आठवावे. कापसावर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. तो निघाला नसेल तर कापड पाणी शोषत नाही. नमुन्याच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर मेण बाकी आहे. रंगवलेले सूत बहुधा उकळलेलेच असते, पण त्याच्याबरोबर पांढरे, न उकळलेले सूत विणले असेल तर पांढरे पट्टे धुतल्यावर जास्त आटतात आणि कापडाला झोळ येतो. हे विणल्यावर सुधारत नाही. म्हणून पांढरे सूतही आधी उकळूनच घ्यावे.

धुताना रंग जातो आहे. मीठ किंवा व्हिनेगर टाकले तर पक्का होईल का?

होणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे, कारण हा समज घरोघरी आहे. मीठ हे काही प्रकारच्या कृत्रिम रंगांना, रंगवतेवेळी, कापसाकडे ढकलते. व्हिनेगर लोकरीच्या आम्लधर्मी रंगांना, उष्णतेबरोबर आणि रंगवतेवेळीच, उपयोगी पडते. तयार वस्त्र मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होत नाही.

आधी रंग का जातो ते पाहावे. पहिल्या एक-दोन पाण्यांत थोडा रंग येऊन नंतर पाणी स्वच्छ झाले, तर तो धाग्यावर नुसता बसलेला जादा रंग होता. काळजीचे कारण नाही. पाणी प्रत्येक वेळी तेवढेच रंगीत होत असेल तर रंग धाग्याला धरलेलाच नाही. वनस्पतींच्या बहुतेक रंगांना तुरटीचा आधार लागतो: लोकरीसाठी कोरड्या वजनाच्या १० ते १५ टक्के तुरटी, आणि कापसासाठी आधी हिरड्याचे पाणी व मग तुरटी. कापसाला हिरड्याशिवाय नुसती तुरटी दिली तर ती नीट टिकत नाही, आणि सुती कामात रंग उतरण्याचे मोठे कारण तेच असते. तयार वस्त्राला हिरडा आणि तुरटी नंतर देता येते, पण त्यात आधीचा सैल रंग बराचसा निघून जातो आणि छटा बदलते, हे मान्य असेल तरच करावे.

रंगारंगांतही फरक आहे. डाळिंबाची साल आणि मंजिष्ठा हे टिकाऊ रंग. कांद्याच्या टरफलांचा पिवळा-तांबूस रंग मध्यम. होळीच्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याशी पळस फुलतो, त्याचा केशरी-पिवळा फार सुंदर असतो, पण उन्हात तो लवकर फिकटतो. हळद तर सर्वांत नाजूक: साबण लागताच लाल होते, लिंबाने पुन्हा पिवळी होते आणि उन्हात उडून जाते. नेहमी वापरायचे वस्त्र हळदीत रंगवू नये, असे माझे ठाम मत आहे. निळीचे प्रकरण वेगळे आहे. तिला तुरटी लागत नाही. ती पाण्यात फारशी सुटत नाही, पण घासली की हाताला आणि गळ्याला लागते. निळे काम कोमट साबणाच्या पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे, आणि पांढऱ्याबरोबर विणायचे असेल तर हे विणण्यापूर्वीच करावे.

परीक्षा सोपी आहे. नमुन्याच्या तुकड्याभोवती ओले पांढरे सुती फडके गुंडाळून ते रात्रभर ठेवावे. फडके पांढरे राहिले तरच दोन रंगांचे वस्त्र एकत्र भिजवावे.

बोअरच्या पाण्याने छटा बदलते का?

बदलते. जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून धाग्यावर राखट थर धरतात, आणि पाण्यात लोह असेल तर हिरडा, बाभूळ किंवा डाळिंबाने रंगवलेले सूत काळसर पडते. शेवटच्या खळबळीसाठी पावसाचे साठवलेले किंवा गाळणयंत्राचे पाणी वापरावे. लोकरीच्या शेवटच्या पाण्यात बादलीला एक चमचा पांढरे व्हिनेगर टाकल्यास साबणाचा अंश निघून जातो. लोहाने मुद्दाम काळा केलेला रंग असेल तर मात्र ते टाळावे.

ओले वस्त्र ताणून कसे वाळवावे? आपल्या उन्हात वाळवले तर लवकर होणार नाही का?

लवकर होईल, पण रंग जाईल. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, पारा ४४ अंशांकडे जातो तेव्हा, सावलीतही पातळ शाल काही तासांत वाळते. उन्हाची गरजच नसते.

वस्त्र जाड टॉवेलमध्ये गुंडाळून, त्यावर हलक्या पायाने उभे राहून पाणी काढावे. नंतर सुतळीने किंवा नवारीने विणलेली खाट सावलीत मांडून, तिच्यावर स्वच्छ पांढरी चादर घालून वस्त्र पसरावे. खाटेखालूनही वारा लागत असल्यामुळे दोन्ही बाजू सारख्या वाळतात. यापेक्षा सोयीची दुसरी वस्तू मला माहीत नाही. टेपने छाती, लांबी आणि बाह्या मोजून, दोन्ही बाजू समान करून, जाळीदार वीण असेल तर टाचण्या लावून ताणावे. स्वेटरचा दोन सुलट-दोन उलट असा विणलेला काठ मात्र ताणू नये, उलट जवळ सारून ठेवावा.

टाचण्यांबद्दल एक इशारा. त्या न गंजणाऱ्या स्टीलच्याच असाव्यात. डाळिंबाच्या सालीने पिवळी झालेली ओली शाल लोखंडी टाचणीने ताणली, तर सकाळी प्रत्येक टाचणीच्या जागी मोहरीएवढा निळसर-काळा ठिपका दिसतो. तो गंजाचा डाग नसतो. लोह आणि सालीतला तुरट अंश यांची शाई तिथे तयार झालेली असते, आणि ती धुण्याने जात नाही. तारेच्या दोरीवर टाकण्याचा परिणामही हाच होतो.

वस्त्र पूर्ण वाळेपर्यंत उचलू नये. वरून कोरडी वाटणारी जाड लोकर आतून ओली असू शकते.

धुतल्यावर कापड एका बाजूला तिरके का जाते?

सुताचा पीळ मोकळा व्हायला जागा शोधतो म्हणून. एकपदरी, जास्त पिळाच्या सुताने एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे साधे कापड विणले की टाक्यांच्या उभ्या रांगा एका बाजूला झुकतात. लोकर ओली करून सरळ ताणली तर बऱ्याच अंशी मानते. कापूस पुढच्या धुलाईत पुन्हा झुकतो. खरा उपाय आधी करायचा असतो: दोन पदर मूळ पिळाच्या उलट दिशेने पिळून तोल साधावा, लडी गरम पाण्यात भिजवून टांगून वाळवावी, आणि टांगलेली लडी स्वतःभोवती गुंडाळी करत नाही हे पाहावे. एकपदरीच वापरायचे असेल तर सुलट-उलट टाके आलटून पालटून असलेली वीण घ्यावी. तिच्यात दोन्ही बाजूंचा ओढा एकमेकांना तोलतो.

धनगरांकडून घेतलेल्या काळ्या लोकरीचा स्वेटर टोचतो. धुऊन मऊ होईल का?

थोडा होईल, फार नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि केसाळ असते. घोंगडीसाठी ती अत्यंत योग्य आहे, पण गळ्याला आणि मनगटाला ती टोचणारच. तिचे बाहेरून घालायचे जाकीट, पिशवी किंवा आसन करावे. स्वेटरच करायचा असेल तर गळपट्टी आणि बाह्यांचे काठ मऊ सुताने विणावेत किंवा आतून मलमलीची पट्टी लावावी. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात म्हणून विणलेल्या वस्त्रालाही द्यावी का, असे काहीजण विचारतात. देऊ नये, विणलेल्या कापडाची लवचिकता त्यामुळे जाते.

इस्त्री करावी का?

लोकरीवर थेट कधीच नाही. सुती कापडावर ओले फडके ठेवून, उलट्या बाजूने, दाब न देता वाफ द्यावी.

दहा महिने पेटीत पडून राहणाऱ्या वस्त्रांची काळजी कशी घ्यावी?

आपल्याकडे खरी थंडी डिसेंबर-जानेवारीची, म्हणून हा प्रश्न रास्त आहे. कसर लागते ती लोकरीला, आणि तीही घाम किंवा अन्नाचे डाग असलेल्या जागी आधी. म्हणून पेटीत ठेवण्यापूर्वी धुणे हाच मुख्य उपाय. कडुनिंबाची पूर्ण वाळलेली पाने ठेवावीत, पण त्यांच्यावर विसंबू नये. ती कसरीला फार तर दूर ठेवतात, आत असलेली अंडी मारत नाहीत. शंका असेल तर वस्त्र पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावे. सुती वस्त्राला लोकरीची कसर लागत नाही. त्याचे शत्रू म्हणजे पावसाळ्यातली बुरशी आणि खळ खाणारे चंदेरी किडे (सिल्व्हरफिश). जुन्या, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ठेवावे, प्लास्टिकमध्ये नव्हे, आणि दिवाळीच्या आधी एकदा घड्या बदलाव्यात. हँगरला टांगू नये, कारण सुती स्वेटर स्वतःच्याच वजनाने गुडघ्यापर्यंत लांबत जातो.

वस्त्र भेट द्यायचे किंवा विकायचे असेल तर सोबत काय द्यावे?

एका चिठ्ठीवर सूत कशाचे आहे, रंग कशाचा आहे, कोणत्या पाण्यात धुवावे आणि कुठे वाळवावे, हे चार ओळींत लिहावे. घेणारा विणकाम जाणत नसतो, आणि यंत्रात टाकलेला लोकरीचा स्वेटर परत येत नाही.

त्याच रंगवणीचे काही मीटर सूतही द्यावे. छोटी लडी करून ते वस्त्राच्या आतल्या शिवणीला सैल बांधावे आणि प्रत्येक वेळी वस्त्राबरोबरच धुवावे. हातरंगाईची तीच छटा पुन्हा मिळत नाही. कोपर विरल्यावर रफू करायची वेळ येईल तेव्हा ते सूत वस्त्राइतकेच फिकटलेले असेल आणि ठिगळ उठून दिसणार नाही.